जुन्या डिझेल जीपचा बेल्टवरचा फॅन काढून भंगारातला इलेक्ट्रिक फॅन बसवायचाय? मग हे आधी वाचा

एमएम ५४०, कमांडर, मेजर, किंवा त्या पिढीतली कुठलीही डिझेल जीप घ्या, रेडिएटरच्या मागचा फॅन सरळ वॉटर पंपाच्या पुलीवर बोल्टने आवळलेला असतो आणि इंजिन चालू आहे तोवर तो गरगरतच राहतो, गरज असो वा नसो. गंमत अशी की नेमका हवा तेव्हा तो मंद असतो. सिग्नलला उभे आहात, इंजिन आयडलला, बाहेरून वारा नाही, आणि फॅनही आयडलच्याच स्पीडने. उलट हायवेला साठच्या वर गेलात की समोरून येणारा वाराच पुरतो, पण तेव्हा हा जोरात फिरून ताकद खातो, आणि फॅनचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते, म्हणून तो घोंघाट. शिवाय पावसाळ्यात ओढ्यात गाडी घातली की तेच पातं पाणी उडवतं, कधी पाण्याच्या दाबाने वाकून रेडिएटरच्या जाळीत घुसतं.

इलेक्ट्रिक फॅन हे सगळं सोडवतो. पण फुकट काही नसतं, तो करंट डायनामोकडूनच (म्हणजे अल्टरनेटर, गॅरेजात सगळे डायनामोच म्हणतात) घेणार. मायलेजमध्ये फार मोठा फरक पडेल अशा आशेने करत असाल तर करू नका. सकाळी थंड इंजिन लवकर गरम होणं, आवाज कमी होणं, ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा न चढणं आणि पाण्यात फॅन बंद करता येणं, हे खरे फायदे.

१. गाडी आत्ता तापते का? मग थांबा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. गाडी तापते म्हणून फॅन बदलायला निघतात, आणि फॅन बदलूनही गाडी तापतेच, कारण रेडिएटरच्या नळ्या निम्म्या गाळाने बंद असतात, किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असतो, किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलेला असतो. जुन्या फॅनवर गाडी व्यवस्थित थंड राहत असेल तरच पुढे जा. रेडिएटर खोलून साफ, बाहेरच्या जाळीतली माती आणि किडे पाण्याने मागून पुढे धुतलेले, होज मऊ पडलेले नकोत, झाकणाचं रबर आणि स्प्रिंग शाबूत, थर्मोस्टॅट जागेवर, आणि साधं नळाचं पाणी नाही तर कूलंट भरलेलं. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा चालतो का हेही बघा, काटा बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा, त्याच्याशिवाय हे काम म्हणजे आंधळी कोशिंबीर आहे.

आणि ज्यांची गाडी रोज माल भरून लो गिअरमध्ये घाट चढते त्यांना माझा सल्ला, जुनाच फॅन ठेवा. जड लोड, कमी स्पीड, जास्त आरपीएम, अशा कामाला इंजिनवरचा फॅन जेवढी हवा ओढतो तेवढी छोट्या कारच्या मोटरला जमत नाही.

२. मापं

भंगार बाजारात जायच्या आधी तीन मापं कागदावर हवीत. जाळीची रुंदी आणि उंची (नुसती जाळी, टाक्या सोडून), आणि जाळीपासून वॉटर पंपाच्या पुलीच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर. हे तिसरं माप जुना फॅन आणि त्यामागचा स्पेसर निघाल्यावर किती उरेल ते धरून घ्यायचं. फॅनची मोटर जाडीला बरीच असते, आणि इंजिन आपल्या रबर माउंटिंगवर पुढेमागे हलतं, जोरात ब्रेक मारला की पुढे येतं, त्यामुळे मोटरची पाठ आणि पुली यांच्यात निदान अडीच-तीन सेंटीमीटर मोकळं राहिलं पाहिजे. मोटर मधोमधच असली पाहिजे असं काही नाही, पुली टाळून बाजूला सरकवली तरी चालतं, शाउड (फॅनभोवतीचं प्लास्टिकचं खोकं) असेल तर हवा सगळीकडून ओढली जाते.

अंतर पुरतच नसेल तर फॅन रेडिएटरच्या पुढे, ग्रिलच्या बाजूला बसवावा लागतो. चालतं, पण मागचा ओढणारा फॅन नेहमी जास्त चांगला, पुढचा फॅन हायवेला समोरचा वारा अडवतो.

३. भंगारातून फॅन निवडणे

ज्या गाड्यांचं इंजिन आडवं बसवलेलं असतं त्यांच्यात फॅन इलेक्ट्रिकच असतो, कारण बेल्टची बाजू मडगार्डकडे असते, रेडिएटरकडे नाही. म्हणजे मारुती ८०० पासून सँट्रो, इंडिका, एस्टीमपर्यंत सगळ्या आल्या. ८०० किंवा ऑल्टोचा फॅन जीपच्या डिझेलला लहान पडतो. एस्टीम, इंडिका डिझेल किंवा त्या वजनाच्या गाडीचा, जाळीचा जास्तीत जास्त भाग झाकेल असा, शाउडसकट घ्या. नुसता उघडा फॅन जाळीवर लावला तर पात्याच्या गोलापुरतीच हवा ओढली जाते, कोपरे तसेच गरम.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक तरी भंगारवाला असतोच जो गाड्या तोडतो. जाताना चार्ज केलेली १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि दोन वायरी घेऊन जा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान.

काय बघायचं:

- पातं हाताने फिरवा, खरखर नको, आणि शाफ्ट वरखाली हलवून बघा, खेळ असेल तर बुश गेलेत.
- पात्याच्या मुळाशी चिरा. उष्णतेने प्लास्टिक कडक होऊन तडकतं आणि फुल स्पीडला तुटलं की थेट जाळीत.
- पात्याच्या कडेला छोट्या पत्र्याच्या क्लिपा दिसल्या तर त्या काढू नका, तो बॅलन्स आहे.
- बॅटरीवर निदान दहा मिनिटं चालवा. मोटर गरम होणं ठीक, जळका वास नको.
- करंट मोजा. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, घरच्या वायरिंगवाल्याचा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी दाखवतो आणि इथे शून्यच दाखवेल. या साइजच्या मोटरला साधारण १२ ते १६ अँपिअर चालू असताना, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीन पट.

दोन वायरींचाच फॅन घ्या. तीन-चार वायरी असतील तर तो दोन स्पीडचा असू शकतो, तोही चालतो पण मग वायरिंग वाढतं. नव्या गाड्यांचे काही फॅन कॉम्प्युटरच्या सिग्नलवर चालतात, त्यांना नुसती बॅटरी जोडून काहीच होत नाही, ते सोडा. आणि कनेक्टर कापू देऊ नका, वीतभर वायरसकट दोन्ही बाजूंचा मागा. त्याच गाडीतला फॅनचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), रिलेचं सॉकेट आणि रेडिएटरमधला थर्मो स्विच (ठरावीक तापमानाला चालू-बंद होणारा) मिळाला तर तोही उचला, सगळं मिळून सुटं घेण्यापेक्षा स्वस्तात देतात. पावती मागून घ्या, चोरीच्या पार्टचं झंझट नको.

४. बाकी सामान

४ स्क्वेअर एमएमची लाल आणि काळी वायर, रिलेच्या कॉइलच्या बाजूला १ स्क्वेअर एमएम पुरते. ४० अँपिअरचा चार पिनी रिले आणि सॉकेट. ३० अँपिअरचा फ्यूज आणि झाकणवाला होल्डर. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं टर्मिनल) आणि ते दाबायची पक्कड, साध्या पकडीने दाबलेलं थिंबल महिन्याभरात सैल होतं. हीट श्रिंक स्लीव, फ्लेक्झिबल पाइप, तीन पोझिशनचा टॉगल स्विच, छोटा लाल दिवा. अॅल्युमिनियम किंवा एमएस (माइल्ड स्टील) पट्टी, रबर बुश, नायलॉक नट. मल्टिमीटर. कूलंट. आणि वॉटर पंपाच्या पुलीसाठी आखूड बोल्ट, ते का ते पुढे.

५. जुना फॅन काढणे

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर खालचा नळ उघडून कूलंट स्वच्छ भांड्यात काढून ठेवा (कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल असं उघडं ठेवू नका, विषारी असतं). रेडिएटर बाहेर काढला तर काम निम्म्या वेळात होतं आणि जाळीला पाना लागून भोक पडत नाही. जुनं गोल भोकाचं शाउड असेल तर तेही काढा.

फॅनचे बोल्ट सोडवले की फॅन आणि स्पेसर हातात येतो. बेल्ट मात्र काढून टाकायचा नाहीये! वॉटर पंप आणि डायनामो त्याच्यावरच चालतात. हे लिहायची गरज नाही असं वाटेल पण लोक विचारतात.

आता ते बोल्ट. बहुतेक जीपमध्ये तेच बोल्ट फॅन, स्पेसर आणि पुली तिन्ही एकत्र धरतात. फॅन गेला की तेच लांब बोल्ट परत लावले तर मागे पंपाच्या बॉडीला टेकतात, किंवा आवळल्यासारखे वाटतात पण पुली सैलच राहते. फॅन आणि स्पेसरची जाडी मोजा, तेवढे आखूड, त्याच आट्याचे, हाय टेन्साइल बोल्ट स्प्रिंग वॉशरसकट लावा आणि पुली हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. ज्या गाड्यांत व्हिस्कस क्लचचा फॅन आहे त्यांच्यात तो एका मोठ्या नटाने पंपाच्या शाफ्टवर असू शकतो आणि आटे उलटे असू शकतात, जोर लावायच्या आधी बघून घ्या.

६. हवेची दिशा

मागे बसवलेल्या फॅनने हवा ग्रिलकडून इंजिनकडे ओढली पाहिजे. बसवायच्या आधी बॅटरी जोडून वर्तमानपत्राचा कागद धरून बघा. उलटी फेकत असेल तर वायरी अदलाबदल करून मोटर उलटी फिरते हे खरं, पण पात्याचा बाक एकाच दिशेसाठी केलेला असतो, उलट फिरवलं की हवा खूपच कमी येते. मागचा फॅन पुढे लावायची वेळ आली तर वायरी बदलायच्या आणि पातंही शाफ्टवर पालथं करून लावायचं, दोन्ही. नुसतं पातं पालथं करून दिशा बदलत नाही, कुणी काहीही सांगितलं तरी. काही मोटरींवर पातं पालथं बसतच नाही, मग तो फॅन पुढे लावायच्या कामाचा नाही.

७. फॅन बसवणे

फॅन रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीवर धरायचा, जाळीवर नाही. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून फॅन अडकवायचे किट मिळतात, ते जीपला लावू नका, गाडी कच्च्या रस्त्यावर हादरते, पट्टी नळीवर घासत राहते आणि एक दिवस नळी फुटते. दोन आडव्या पट्ट्या, चौकटीच्या बोल्टवर, मध्ये रबर बुश, त्यावर शाउड. शाउड जाळीपेक्षा लहान असेल तर बाजूच्या फटी अॅल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करा, कडेला फोमची पट्टी चिकटवा. पात्यापासून जाळीपर्यंत निदान दीड सेंटीमीटर. शाउड जाळीपेक्षा मोठं असेल तर कापण्याआधी दोनदा मोजा, कापलेलं परत जोडता येत नाही आणि जास्तीचा भाग बऱ्याचदा वाकवून बसतो.

८. थर्मो स्विच कुठे आणि कितीचा

या स्विचवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९२-८७, म्हणजे ९२ अंशाला फॅन चालू आणि ८७ ला बंद. तुमचा थर्मोस्टॅट कितीला उघडतो ते आधी बघा, त्याच्यावर कोरलेलं असतं, ८२ सारखं काहीतरी. स्विच गरम बाजूला (वरच्या होजमध्ये) लावणार असाल तर त्याचा बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या वर हवा, नाहीतर फॅन कधी बंदच होणार नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी त्याच्या खाली येऊच देत नाही. खालच्या होजमध्ये लावलात तर तिथे थंड झालेलं पाणी असतं, तिथे कमी आकड्याचा स्विच लागतो.

भंगारातला स्विच घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी, स्वयंपाकघरातला थर्मामीटर, स्विचचं टोक पाण्यात, मल्टिमीटर बीपवर. (पातेलं जुनं घ्या, घरच्यांचा विश्वास टिकवायचा असेल तर.) पाणी तापताना बीप कितीला वाजतो आणि थंड होताना कितीला थांबतो ते लिहून ठेवा.

बसवायला होज मधोमध कापून आट्याचं भोक असलेला अॅल्युमिनियमचा जोड घालतात. तयार मिळतो, नाहीतर होजचं आतलं माप आणि स्विच घेऊन लेथवाल्याकडे जा. यात दोन सापळे आहेत. एक, जोड दोन्ही बाजूंनी रबरात असतो म्हणजे त्याला अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जोडणी) मिळतच नाही, एका वायरचा स्विच असेल तर तो बॉडीतून अर्थ घेतो, त्यामुळे जोडाला वेगळी अर्थची वायर लावावी लागते. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवले तरी तोच प्रॉब्लेम. दोन पिनी स्विच घेतला तर ही कटकटच नाही. दुसरा, पाणी कमी झालं की वरच्या होजमध्ये आधी हवा येते, स्विचचं टोक हवेत राहतं आणि इंजिन तापत असूनही फॅन लागत नाही. म्हणूनच काटा चालू हवा असं वर म्हटलं.

९. वायरिंग

रिलेवर चार आकडे असतात, ३०, ८७, ८५, ८६. गॅरेजात कुणी वेगळ्या रंगांच्या भाषेत सांगत असेल तर ऐकू नका, आकडे बघा.

३० ला बॅटरीच्या प्लसवरून ४ स्क्वेअरची वायर, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, रिलेजवळ नाही, कारण फ्यूजच्या आधीचा तुकडा बॉडीला घासला तर त्याला वाचवणारं कुणी नाही आणि असल्याच एखाद्या तुकड्यामुळे जीपला आग लागू शकते.

८७ वरून फॅनचा प्लस. फॅनचा निगेटिव्ह त्याच जाडीच्या वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा चॅसीला, चॅसीला लावणार तर रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, वर ग्रीस.

८६ ला इग्निशन ऑन केल्यावर येणारा प्लस, छोट्या फ्यूजमधून. असं केलं की किल्ली काढली की फॅन बंद. काही जण ८६ ला कायमचा प्लस देतात म्हणजे गाडी बंद केल्यावरही फॅन चालून इंजिन थंड होतं, पण मग एखाद्या सकाळी बॅटरी उतरलेली मिळते.

८५ ही अर्थची बाजू, इथेच टॉगल स्विच. टॉगलची मधली पिन ८५ ला, एका बाजूची पिन थर्मो स्विचमधून अर्थला, दुसऱ्या बाजूची सरळ अर्थला. म्हणजे एकीकडे ऑटो, मध्ये पूर्ण बंद (ओढा ओलांडताना), दुसरीकडे कायम चालू (थर्मो स्विच मेला तर). मध्यावर विसरून राहिलात तर इंजिन जाणार, म्हणून ८७ वरून एक लाल दिवा डॅशवर आणा, फॅन चालू की दिवा चालू. काटा वर आणि दिवा बंद, म्हणजे लगेच टॉगल बघा.

थर्मो स्विचमधून फॅनचा पूर्ण करंट नेऊन रिले वाचवायचा मोह होईल. तो स्विच रिलेच्या कॉइलपुरताच धरा.

रिले उंच, फायरवॉलवर किंवा मडगार्डच्या आत, पिना खाली तोंड करून, म्हणजे पाणी साचत नाही. सगळ्या वायरी फ्लेक्झिबल पाइपात, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून लांब.

डायनामोचा हिशेब आत्ताच करा. हेडलाइट लो बीमला ५५ वॉटचे दोन म्हणजे नऊएक अँपिअर, फॅन पंधरा, वायपर आणि बाकीचं धरून तीसच्या आसपास. जुन्या जीपचा डायनामो पूर्ण स्पीडला हे कसंबसं देईल पण आयडलला त्याच्या निम्मंही नाही. रात्री, पावसात, ट्रॅफिकमध्ये दिवे मिणमिणायला लागले तर फॅनचा दोष नाही, मोठा डायनामो लागेल.

१०. टेस्टिंग

कूलंट भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन थंडपासून सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत हवा निघू द्या, लेव्हल भरा, झाकण लावा. यानंतर गरम असताना झाकणाला हात नाही.

पहिल्यांदा टॉगलने फॅन हाताने चालू करून फॅनच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि लगेच बॅटरीवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कुठलं तरी थिंबल किंवा अर्थ खराब आहे. पाच-सात मिनिटांनी फ्यूज होल्डर आणि रिलेचं सॉकेट हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसला तर जोड सैल. भंगारातली सॉकेटं इथेच दगा देतात, वितळल्याचे डाग असतील तर नवं घ्या.

मग ऑटोवर टाका आणि आयडलला ठेवा. काटा चढेल, फॅन लागेल, काटा उतरेल, फॅन बंद होईल. असे दोन-तीन फेरे बॉनेट बंद करून, शक्यतो दुपारच्या उन्हात. फॅन लागल्यावर बंदच होत नसेल आणि काटा स्थिर असेल तर स्विचचा आकडा कमी आहे किंवा शाउडला फटी आहेत. फॅन चालू असूनही काटा चढतच गेला तर इंजिन बंद करा, मोटर लहान आहे नाहीतर हवा उलटी आहे.

आयडल पास झालं की शहरातलं ट्रॅफिक, आणि मगच घाट. पुण्याकडचे असाल तर जुना कात्रज घाट बरा, लांबीला फार नाही, थांबायला जागा आहे. एकट्याने, रिकाम्या गाडीने, सोबत पाण्याचे कॅन. कोकणात उतरायचं असेल तर आधी हे, नंतर ताम्हिणी किंवा वरंधा.

आरसीवर यातलं काही नोंदलेलं नसतं त्यामुळे त्या बाजूने बदल काही नाही, पण विमा कंपनीला वायरिंगमध्ये केलेला बदल आगीच्या क्लेमच्या वेळी खटकू शकतो, फ्यूज आणि वायरिंगचे फोटो काढून ठेवा, एजंटला आधीच विचारून घ्या.

११. नंतरची देखभाल

पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट आणि थिंबल परत आवळा. पावसाळा संपला की कनेक्टर उघडून हिरवा गंज खरवडा. भंगारातल्या मोटरचे कार्बन (आतले ब्रश) कधी संपतील सांगता येत नाही, रस्त्यात फॅन बंद पडला तर काट्यावर नजर ठेवून, वारा लागेल अशा एकसारख्या पन्नास-साठच्या स्पीडने मोकळ्या रस्त्याने गॅरेज गाठा, ट्रॅफिकमध्ये अडकलात तर इंजिन बंद करून उभे राहा.

जुना फॅन, स्पेसर आणि ते लांब बोल्ट विकू नका. एका पिशवीत बांधून लांबच्या प्रवासाला गाडीत टाका. तो परत लावायचा तर इलेक्ट्रिक फॅन आणि शाउड आधी पूर्ण काढावं लागतं, त्यामुळे पट्ट्यांच्या बोल्टांना बसणारे पाने त्याच पिशवीत असू द्या, आणि बोल्ट सगळे एकाच नंबरचे वापरले असतील तर एका पान्यात काम होतं.